साखर पेठ, बिनसाखरेची

मल्लेशममामा जिथं नाटकांचे पडदे रंगवायचे
(एक राजवाडा, एक जंगल, पाठीमागं समुद्र)
त्या खोलीत आता कॉफी मिळते, एकशे ऐंशीला.
भिंतीवर धोटा टांगलाय, शोभेचा.
पोरगा विचारतो, साखर किती?
मी म्हणते, पेठ तुझी, तूच ठरव.

इथं रात्रभर तालमी चालायच्या.
शिव्या तेलुगूत, हिशेब कानडीत,
प्रेम मराठीत, तेही उधारीवर.
भाडं थकलं की राजे, प्रधान, विदूषक
किल्ल्याच्या बागेत जाऊन झोपायचे.
पहाटे माळी पाईप सोडायचा अंगावर,
कुणाची मिशी वाहून जायची.

आज मामांना घेऊन त्याच बागेत गेले.
तटाला टेकून चार पोरी व्हिडिओ काढत होत्या,
पुन्हा, पुन्हा, तीच गिरकी.
'तालीम आहे,' मामा म्हणाले, 'बोलू नको.'
आणि खारे शेंगदाणेसुद्धा
आवाज न करता चावू लागले.

खाली सिद्धेश्वराचं तळं.
एक डोळा मिटून त्यांनी ते मापलं.
'समुद्राला हाच निळा लावायचो,
थोडं काजळ घालून.'

समुद्र?
'तो कुठं बघितलाय मी.'