सुतभर

मिंदेलोत वारा बाराही महिने.
त्याच्या पायी माझ्या दुकानाचं दार
कधी नीट लागलं नाही.
त्या संध्याकाळी एव्हानिल्दूनं चेंडू डाव्या पायावर घेतला
आणि दार आपोआप लागलं. शपथेवर सांगते.

गोल!
खुर्च्या आडव्या, ग्लास आडवे,
मासळीवाली बिब्या रस्त्याच्या मधोमध
चपला हातात घेऊन नाचतेय,
बंदरातल्या बोटी भोंगे वाजवतायत,
चुलीवर माझी मक्याची कढई करपतेय, करपू दे,
फादरनं कुणाला तरी उचललं. हो, फादरनं.

मग रेफरीनं कानाला हात लावला.
कानाला हात लावायचा तो स्वतःची चूक कबूल करताना.
हा लावत होता दुसऱ्याची शोधायला.

चार मिनिटं.
चार मिनिटांत कढईच्या तळाचा कोळसा होतो.
कुठल्याशा बिनखिडकीच्या खोलीत
चौघं जण बसतात म्हणे पडद्यांसमोर.
पाचामुखी परमेश्वर.
म्हणजे तिथं एक तोंड कमीच.

मग दोन रेघा आल्या, एक निळी, एक तांबडी.
तांबडी एव्हानिल्दूच्या गुडघ्यावरून सोडलेली,
गवंड्याच्या ओळंब्यासारखी.
मधे फट. फट कसली, सुतभर.
माझी शिवणाची सुईसुद्धा अडकेल तिथं.

गोल रद्द.

टीव्हीवर कुणी बाटली फेकली नाही,
कारण टीव्ही माझा आहे.
सगळे वळले अदेरितूकडे.
एकोणीस वर्षं लाइनवर झेंडा धरलेला माणूस,
कोपऱ्यात, ग्रोगचा अर्धा पेला पुढ्यात.
बोल की रे, झाला का न्याय?

"गुडघा पुढे होता," तो म्हणाला.
बिब्यानं त्याच्या सात पिढ्या काढल्या.
त्यानं पेला फिरवला, बराच वेळ फिरवला.
"पण चेंडू पायातून सुटला कधी?
या चित्रात चिकटलेला आहे, पुढच्यात सुटलेला.
मधलं चित्रच नाही.
तेवढ्यात पळणारा माणूस टीचभर सरकतो.
ती टीच कुणीतरी अंदाजानं भरली.
आणि मोठ्यांच्या मैदानात कॅमेरे तीस,
आपल्याकडे सात,
त्यातला एक वाऱ्यानं हलत होता, मी पाहिला.
अंदाज मीही करायचो.
उन्हात उभा राहून करायचो, एवढंच."

जोझा तोवर गप्प होता.
सत्त्याऐंशी साली, बेटांच्या फायनलला,
त्याचा गोल ह्याच झेंड्यानं पुसला होता.
सख्ख्या मेहुण्याचा गोल. सूर्य तोंडावर.
बहिणीनं अदेरितूला सहा वर्षं दारात उभं केलं नाही,
बिब्याच्या आईनं त्याला मासळी विकली नाही.
त्या गोलचा एक फोटो नाही कुणाकडे.
आता दर रविवारी दोघं माझ्याकडे पत्ते खेळतात
आणि त्याच गोलवरून भांडतात.
एक म्हणतो, हातभर मागे होतो.
दुसरा म्हणतो, पाऊलभर पुढे.
अंतर दर वर्षी थोडं बदलतं.
दोघांनाही ते कळतं, असं मला वाटतं.

पडद्यावर तांबडी रेघ अजून तशीच होती,
पोरगं एका पायावर, हवेत अडकलेलं.
जोझा म्हणाला,
"हा कुणाच्या दारावर जाऊन बोंबलणार?
त्या खोलीला दार तरी आहे का?"

कुणी उत्तर दिलं नाही.
मॅच आम्ही हरलो, ते सांगायचं राहिलं.

मी कढई पाण्यात बुडवली.
जोझानं टेबल पुसलं, म्हणाला, काढ पत्ते.
अदेरितूनं पिसले, वाटले,
आणि स्वतःला एक पान खालून घेतलं.
मी पाहिलं.
अगदी समोरून, चांगल्या उजेडात.
काही बोलले नाही.