खाच

जोन्सपोर्टच्या खाडीत व्हर्ना बील
पिंजरा ओढते, पितळी माप
शेवंडीच्या पाठीला लावते.
आखूड. टाकली पाण्यात.
पुढची फारच थोराड, तीही गेली.
तिसरी उलटी केली तर पोटाखाली गाभोळी,
काळपट हिरवी, मोहरीएवढी, गच्च.
माझ्या मालवणी तोंडाला सुटलेलं पाणी
मी गुपचूप गिळलं.

शेपटीच्या पाकळीला खाच पाडतात इथे,
कान टोचावा तशी.
मग ती कुणाच्याच ताटातली नाही,
अंडी नसली तरी.

हिला खाच आधीच होती, बुजत आलेली, जरा तिरकी.
व्हर्ना अंगठा फिरवत राहिली तिच्यावरून.
"बापाची असेल. हात वाकडा पडायचा त्याचा."
तो जाऊन चार वर्षं झाली.
तिथेच तिने नवी खाच पाडली, सरळ,
आणि दोन्ही हातांनी, न उडवता,
शेवंड पाण्यात सोडली.

मापात बसल्या त्या दोन रात्री माझ्या पातेल्यात:
भाजलं खोबरं, लाल मिरची, वर चार त्रिफळं.
कवच फोडताना रस्सा कोपरापर्यंत.
व्हर्नाचं नाक वाहतंय, बोटं चाटणं थांबत नाही.
मी सोलकढी पुढे केली.
गुलाबी, गार.
तिने ती फुंकर मारून प्यायली.