बरोबरची खूण

उद्यमबागेत, फौंड्रीच्या डिस्पॅच ऑफिसात
सकाळी सव्वाआठला चलानाची फाईल उघडली
आणि मॅक्रो म्हणाला, ‘डेट’ म्हणजे काय, कळत नाही.
एवढंच. त्या शब्दावर निळी पट्टी,
आणि गेटाशी तीन ट्रक, कास्टिंग भरून, इंजिन चालू.

इराण्णा म्हणाला, "नव्या कॉम्प्युटरला
आजची तारीखच कळंना झालीय की मॅडम."

मी हसले नाही.
पहिल्या वर्षी मीही तारखेलाच धरून बसले होते,
दोन दिवस. स्पेलिंग तपासलं, घड्याळ तपासलं,
तारीख पुसून पुन्हा लिहिली.
ती बिचारी निर्दोष.
दोष चार घरं पलीकडचा होता.

टूल्स. रेफरन्सेस.
लायब्रऱ्यांची नावं एकाखाली एक, चौकटीत खुणा.
शब्दाचा अर्थ शोधत मॅक्रो याच क्रमानं दारं वाजवत जातो,
एखादं दार चौकटीसकट नाहीसं झालेलं असलं
की तिथंच थबकतो
आणि हातात जो शब्द असेल त्यालाच चोर ठरवतो.

सातवी ओळ: मिसिंग. पुढं नाव, सातेरी-कॉमन.
त्याच्या अलीकडे खूण तशीच, बरोबरची.
जे सापडत नाही त्याच्यापुढे
बरोबर.

तळाशी बारीक अक्षरांत पत्ता:
सी, मग बेलगाम, मग डिस्पॅच.
"हे फोल्डर कुठाय?"
"आहे की. नाव तेवढं सुधारलो मी,
बोर्डावर आहे तसं."
इंग्रजीत, बेळगावी.
मी घरात बेळगाव म्हणते,
सातेरीनं शाळेत शिकलेलं जुनं स्पेलिंग घातलं होतं,
आणि तिघंही उतरतो त्याच बसस्टँडवर.
मशीन नाही उतरत.
त्याला अक्षर न् अक्षर लागतं.

सातेरी गुंजीकर. खानापूरच्या पलीकडचा.
मला हे सगळं त्यानंच शिकवलं,
आता मस्कतला सिमेंटच्या कंपनीत आहे.
त्याच्या लायब्ररीत पहिल्याच पानावर दोन ओळी,
नुसती प्रश्नचिन्हं.
वरची त्याची, मराठीत टाईप केलेली.
खालची मल्लव्वा हुद्दारची, कन्नडमध्ये.
एडिटरला दोन्ही सारख्याच कळल्या नाहीत.

फोटो पाठवला. उत्तर आलं:
काय लिहिलं होतं आठवत नाही गं. बारा वर्षं झाली.

मोकळ्या जागा मात्र शाबूत होत्या.
मी मोजलं: दोन, चार, तीन.
काना-मात्रा सुटी धरली तर
‘हे काढू नको’ बरोब्बर बसतं.
दुसरंही खूप काही बसत असेल.
इराण्णानं खालची ओळ बोटांवर मोजली, आठ,
ओठ हलवत दोनदा,
आणि म्हणाला, "तगीब्याड."
म्हणजे तेच.
किंवा आम्हाला तेच हवं होतं.

मी खूण काढली. ओके.
यादी पुन्हा उघडली, ब्राउझ केलं.
फाईल नव्या नावाच्या फोल्डरात होतीच,
एक इंचही हललेली नव्हती.
ती उचलून वहीच्या शेजारी ठेवली,
जिथं वही जाईल तिथं तीही जाईल अशी.
जोडली. खूण.
आउटलुकची खूण मात्र कायमची काढली:
त्याला आता गरज पडेल तेव्हाच नावानं हाक मारायची,
ज्या मशीनवर जो असेल तो ओ देईल.
कुठली आवृत्ती, हे कशाला विचारा.

निघताना त्या दोन ओळींखाली
रोमन लिपीत तिसरी लिहिली, हे काढू नको.
इराण्णा मागं उभा.
"माझं पण घाला."
घातलं. आता चार.

प्रिंटर खाकरला. तारीख उमटली.
तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला,
"एवढा येळ काय करालाव रे आत?"
मी अर्धा तास समजावलं होतं, यादी, दारं, क्रम, सगळं,
आणि इराण्णा चलान देत म्हणाला,
"तारीख हरवलेली. घावली."