सुटा मी

आमच्या भाषेत 'मी' सुटा मिळत नाही.
समोर कोण ते बघायचं, मग मापाचा काढायचा,
नवऱ्याच्या डब्यात पाने असतात तसा,
दहाचा, बाराचा, चौदाचा.
नातवाशी बोलताना मी आजी:
आजीला पाणी दे, आजीचा चष्मा बघ.
कोळंबीवालीशी बोलताना थोरली बहीण,
उधारी असेल त्या दिवशी धाकटी.

टोआनशी बोलताना एकतीस वर्षं मी 'एम'.
म्हणजे धाकटी. तो 'आन', म्हणजे थोरला.
खरं तर मी त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठी.
अख्ख्या हायफाँगमध्ये हे आता
आम्हा दोघांनाच ठाऊक.

मंगळवारी हवेचा पंप हरवला.
हरवला म्हणजे, मीच शेजारच्या बाखला दिला होता
आणि विसरले.
टोआन सायकलची ट्यूब बादलीत बुडवून
बुडबुडे शोधत होता.
वर न बघता म्हणाला,
"तोय शोधतो."

तोय. हाही 'मी'च.
कचेरीत अर्ज देताना चालतो, बसमध्ये परक्याशी चालतो.
शिवी नाही, आवाज चढलेला नाही,
वाक्य तर मदतीचंच.
पण तेवढ्यात त्याचं थोरलेपण गेलं, माझं धाकटेपण गेलं,
आणि फुटपाथवर दोन माणसं उरली:
एक पंक्चरवाला,
एक बाई.

मग मीही काटकसर केली.
"जेवण झालंय." कुणी केलं, कुणासाठी, काही नाही.
"चहा?"
"नको."
कर्ता गाळूनसुद्धा दोन दिवस संसार चालतो,
करून बघा.

बुधवारी बाख पंप आणून ठेवून गेला.
तरी नाही.

गुरुवारी रात्री मी भात वाढत होते.
तो एकेक खण उघडत होता, आपटत होता,
कुणाला तरी ऐकू जावं इतपत.
"आनची कात्री कुठे गेली?"

कात्रीचे कान त्याच्याच खिशातून
बाहेर डोकावत होते.

मी भाताचा चमचा खाली ठेवला.
"एमनं नाही बाई घेतली," म्हटलं,
"थांब, एम बघते."

आणि मग पलंगाखाली, पिंपामागे,
देवाच्या फळीवर, नातवाच्या दप्तरात,
भात गार होईपर्यंत
आम्ही दोघांनी ती शोधली.