अस्सल एकच

घाटंजीला बस स्टँडमागं, पंक्चरच्या दुकानाला लागून
दुर्योधन मामाचं गेम सेंटर.
एक टीव्ही, एक मशीन, बारदानाचा पडदा,
भिंतीवर खडूनं:
तासाले दहा. हरल्यास पैसे वापस नाही.

मी वहीत वेळ लिहायची.
गजू तोडसाम, चार-दहा. अर्धा तास उधार.
नौशाद, चार-चाळीस. रोख.

तबकड्या दोनशे अकरा,
सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या,
नावं मार्करनं, तीही चुकलेली.
अस्सल फक्त एक. टेनिसची.
ती कुणी खेळायचं नाही.
मामा तिला उदबत्तीच्या डब्यात ठेवायचा.

"मशीन आधी खऱ्याले पाह्यते," मामा सांगायचा,
"आतल्या कडेले बारीक थरथर असते तिच्या.
कंपनीवाल्यायनं मुद्दाम ठेवली.
नक्कल करणारं यंत्र थे थरथर पुसून टाकते, बाप्पा,
त्याले वाटते, चूक हाये."

म्हणून आधी टेनिस.
झाकण उघडंच, पण खटक्यावर खराट्याची काडी दाबलेली,
मशीनला वाटायचं आपण बंद आहोत.
ते पाहायचं, पटायचं त्याला,
क्षणभर थांबायचं,
आणि त्या थांबण्यात मामाची दोन बोटं
टेनिस उचलून शिपाई ठेवायची.
वास उरायचा चंदनाचा.

शिपायाचा गेम तिसऱ्या पुलावर थांबायचा.
दर वेळी तिथंच.
बर्फ पडत राहायचा, शिपायाचा एक पाय वर,
आणि तो पाय खाली यायचाच नाही.
"संपला बे," म्हणत पोट्टे उठायचे,
चपला शोधायचे.
आमच्या गावानं बर्फ तेवढाच पाहिलेला.
मामाला ठाऊक होतं, आत गाठ मारलेली आहे,
चोरून खेळणाऱ्यासाठी.
त्यानं कुणाला सांगितलं नाही.
मलाही फार नंतर.

पोळ्याच्या आठवड्यात फोन आला,
पांढरकवड्याच्या दुकानावर धाड पडली.
मामानं सगळ्या तबकड्या सरकीच्या पोत्यात खुपसल्या,
घाईत टेनिससुद्धा, डब्याबाहेर, उघडी.
दुपारी जीप थांबली.
दोघं उतरले, हातात थंड पेटी.
लाळ-खुरकतीची लस.
गुरांचा दवाखाना कुठं, विचारत होते.
मामानं त्यांना पाणी दिलं, चहा दिला,
फाट्यापर्यंत सोबत गेला,
परत येताना हसत होता.

पोत्याच्या तळाला खडे होते.

टेनिसच्या आतल्या कडेवर एक लांब ओरखडा.
नौशादनं टूथपेस्ट चोळली,
कुणी केळाचं सालटं, कुणी खोबरेल.
मशीन पाहायचं, पुन्हा पाहायचं,
गरगरायचं,
आणि काही बोलायचं नाही.
दोनशे अकरा तबकड्या धडधाकट,
एकीलाही आत घेईना.
मामा रात्रभर काडी धरून बसला.
सकाळी मी वहीत त्याचं नाव लिहिलं,
उजवीकडे वेळ लिहिली नाही.

दिवाळीनंतर तिथं मोबाइल रिचार्ज सुरू झालं.

मागच्या वर्षी नागपुरात, ऑफिसातल्या एकीच्या घरी
तेच मशीन दिसलं, तोच शिपाई,
छापील वेष्टनातला.
"जुनं आहे, चालतं की नाही कोण जाणे," ती म्हणाली.
चाललं.
पहिला पूल. दुसरा. तिसऱ्यावर बर्फ.
पाय वर गेला
आणि खाली आला.
माझ्या हातातलं बटण घामानं निसटलं.

गजूला फोन लावला. जिनिंगमध्ये होता,
मागं यंत्रांचा घरघराट.
"तिसरा पूल ओलांडला रे."
"कोणता पूल?"
मग बराच वेळ फक्त घरघराट.
"मंग? पल्याड काय हाये?"
"एक चौकी. शेगडी पेटलेली.
पुढं आणखी एक पूल."
"खोटं नको सांगू," गजू म्हणाला.
"गेम थ्याच पुलावर संपते."