चाळीस रियाल

सोहारच्या डायलिसिस युनिटात
यंदा नवा नियम आला:
तीन महिने एकाही कॅथेटरला संसर्ग नाही
तर प्रत्येक नर्सला चाळीस रियाल.

हात आम्ही आधीही धूतच होतो.
आता मोजून धुतो.
खोटं कशाला बोलू, ताप कमी झालेत.

रविवारी खमीस बलूशी आले
होडी ओढून, तसेच थेट.
मानेवरची पट्टी सुटलेली, आत वाळू.
सुपरवायझर हळूच म्हणाली,
यांना मस्कतला पाठवायचं का?

मी गप्प.
चाळीस रियालात
धाकट्याची फी सुटते, कुडाळला.

म्हाताऱ्याने मुठीतला खजूर
माझ्या हातमोज्यावर ठेवला,
घामेजलेला.

मोजा फेकावा लागला.
पुन्हा हात धुतले, वीसपर्यंत मोजत,
वीसच्याही पुढे,
आणि पट्टी सोडवायला घेतली.