बोल्टवरचा नंबर

विहितगावला पेटी उघडली तेव्हा
रिटायर्ड आर्मरर गायधनी म्हणाले,
"आधी तोंड भिंतीकडे. ट्रिगरला बोट नको.
रिकामी आहे असं कुणीही सांगो,
बंदूक भरलेलीच असते."

बोल्ट मागे ओढला. करंगळी घालून
चेंबर चाचपलं,
जशी सुईण बाळाची टाळू.
आत गोठलेलं तेल, खाकी चिंधी.

मग भिंग. मुकुट, इशापूर, १९१७.
बॉडीवर एक नंबर, बोल्टवर दुसरा.
"दोन शिपायांची आहे ही.
एकाची मोडली असेल, किंवा एक..."
पुढचं वाक्य त्यांनी चिंधीनं पुसलं.

पणजोबा बसऱ्याहून परतले,
आणि बसऱ्याबद्दल गप्पच राहिले.

उपनगर ठाण्यात जमा केली.
हवालदारानं विचारलं, मूळ मालक?
मी एकच नाव सांगितलं.
म्हटलं, नंबर मात्र
दोन्ही लिहा.